हे कोण खातं?

शेताच्या बांधावर पोचलं की बाई आधी उकिडव्या बसत, पदर कमरेला खोचत, चष्मा कपाळावर चढवत आणि समोर जे काही हिरवं दिसेल त्याकडे बोट करून विचारत, "हे कोण खातं?"

मालकाचं नाव, जमीन किती, पाणी कुठलं, खत कुठलं, हे प्रश्न आमच्या कामाचे होते आणि ते नंतर येत. पहिला प्रश्न हाच. कानडीत विचारत, "इदन्न यार तिंतार?" शेतकरी गोंधळायचा. कोणी म्हणे, बाजारात जातं. मग बाजारातून कुठं जातं? कोणी म्हणे, म्हशीला घालतो. आणि म्हशीचं दूध? अशी विचारपूस चालायची आणि घरातल्या एखाद्या हाडामांसाच्या माणसापाशी, सासूपाशी नाहीतर बाळंतिणीपाशी, येऊन थांबायची. तिथवर पोचल्याशिवाय बाई मातीला हात लावत नसत.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. धारवाडातल्या एका माती तपासणीच्या प्रयोगशाळेत मला सहायकाची जागा मिळाली आणि मी सप्तापुरात खोली घेतली. बाई आमच्या वरिष्ठ रसायनतज्ज्ञ. अंगानं ठेंगण्या आणि रुंद, फिकट रंगाच्या व्हॉइलच्या साड्या नेसायच्या आणि साडीखाली पोरांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या. लग्न केलं नव्हतं. केलगेरीच्या बाजूला दोन खोल्यांचं घर होतं, तिथं एकट्या राहत. आमच्या भागातल्या मराठी माणसांसारखं त्यांचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. मराठीत रागावायच्या आणि कानडीत समजूत काढायच्या.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं की बाई कुत्र्यांना घाबरतात. शेतावर कुत्रं असायचंच. ते भुंकत अंगावर आलं की बाई माझा दंड घट्ट धरत आणि कुत्र्याला म्हणत, "अहो, जाऊ द्या की आम्हाला. आम्ही सरकारी माणसं आहोत." शेतकरी हसून हसून बेजार होत. मी एकदा विचारलं, कुत्र्याला अहो कशाला? तर म्हणाल्या, "अगं, चावायचं की नाही ते त्यानंच ठरवायचं आहे ना? मग जरा मानानं बोललेलं बरं."

त्या दिवसांत आमच्या कामाची पद्धत अशी होती, की शेतातून माती आणि पाला पिशवीत भरून आणायचा, वाळवायचा, कुटायचा, आम्लात विरघळवायचा आणि मग मोठ्या यंत्राची पाळी येण्याची वाट बघायची. ते यंत्र निम्मा काळ बंद असे. शिसं, कॅडमियम, असले जड धातू कोणाच्या पिकात आहेत की नाहीत हे कळायला महिने जात. कळेपर्यंत मेथी उपटलेली असे, विकलेली असे, शिजलेली असे. बाईंना हे फार लागायचं. निकालाचा कागद हातात धरून त्या खिडकीशी उभ्या राहत. "आता हे सांगायचं कोणाला," म्हणत. "ज्यांनी खायचं त्यांनी खाल्लं की."

मग दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी एका परदेशी मदतीच्या प्रकल्पातून आमच्याकडे हातात धरायचं यंत्र आलं. काळ्या पेटीत स्पंजाच्या कप्प्यात बसवलेलं. दिसायला थेट पिस्तूल. घोडा दाबला की त्याच्या नाकातून क्ष-किरण निघत, समोरच्या वस्तूवर पडत, आणि थोड्या वेळानं मागच्या काचेवर आकडे उमटत. यात लोखंड इतकं, जस्त इतकं, शिसं इतकं. शेतातच, उभ्या उभ्या. बाईंनी पेटी उघडली त्या दिवशी त्या दुपारचं जेवायला विसरल्या.

पहिले काही दिवस त्यांनी दिसेल त्यावर ते यंत्र लावलं. प्रयोगशाळेची भिंत, माझा डबा, स्वतःच्या डबीतलं जुनं कुंकू, देवघरातली समई. कुंकवात शिसं निघालं तेव्हा त्यांनी ती डबी कागदात गुंडाळली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि मी इतकी वर्षं दुसऱ्यांची शेतं बघत हिंडते."

यंत्राला सोन्याचा कस कळतो ही बातमी कुठून फुटली देव जाणे. आमच्या हेडक्लार्कच्या पत्नी रुमालात पाटल्या गुंडाळून आल्या. बाईंनी नको नको म्हणत एक पाटली यंत्रासमोर धरली. काचेवर तांब्याचा आकडा सोन्याच्या पुढं गेला. मी तो पाहिला, बाईंनीही पाहिला. त्यांनी पाटली रुमालात परत ठेवली आणि म्हणाल्या, "यंत्र नवीन आहे हो. सोन्याची त्याला अजून सवय नाही. पाटल्या मात्र सुरेख आहेत. आईच्या का?" हेडक्लार्कच्या पत्नी आईच्या आठवणी सांगून समाधानानं घरी गेल्या. मी बाईंकडे बघत राहिले, कारण आकड्याच्या बाबतीत त्या कधी तसूभर इकडंतिकडं होत नसत. माझी नजर ओळखून म्हणाल्या, "आईच्या पाटल्या आहेत त्या. कोणाच्या पोटात जात नाहीत."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा खरेपणा नेमका कुठं कडक होतो आणि कुठं मऊ होतो ते पटकन ध्यानात येत नाही. माझ्या ध्यानात ते आलं यल्लव्वामुळं.

हुबळीच्या अलीकडं तारिहाळच्या कारखान्यांची वसाहत आहे. तिच्या पाठीमागून एक ओढा खाली उतरतो आणि त्याच्या काठानं पालेभाज्यांचे पट्टे होते. पालक, मेथी, राजगिरा, कोथिंबीर. भल्या सकाळी बायका या जुड्या घेऊन हुबळीच्या बाजारात जात. यंत्र घेऊन आम्ही त्या बाजूला जायला लागलो तेव्हा आमच्याभोवती जत्रा जमायची. एका म्हाताऱ्यानं पेटीतून ते पिस्तूल निघालेलं पाहून दोन्ही हात वर केले. सगळे हसले, बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं हसता हसता. मग लगेच त्यांनी शाळेतल्या मास्तरणीसारखं सगळ्यांना आपल्या पाठीमागं उभं केलं. यंत्राच्या नाकासमोर कोणी यायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद असे.

ओली माती यंत्राला फसवते, आकडा कमी दाखवते. म्हणून बाई बरोबर स्पिरिटचा स्टोव्ह आणि एक तवा बाळगत. माती तव्यावर वाळवायची, चहाच्या गाळणीनं चाळायची, छोट्या वाटीत दाबून भरायची आणि मग यंत्र लावायचं. शेतकऱ्यांच्या बायका स्वतःची चूल देऊ करत. बाई हात जोडत. "तुमच्या चुलीवर नको. मातीत काय आहे ते अजून कुठं माहीत आहे?"

यल्लव्वाचा पट्टा ओढ्याच्या अगदी कडेला होता आणि घर पट्ट्याला लागून. नवरा वारलेला, मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, घरात सून आणि नात. नातीचं नाव रेणुका. चार-पाच वर्षांची, बारीक, पिवळट, सारखी आजीच्या लुगड्याला धरून. यल्लव्वा काटक बाई, बोलायला मोकळी. बाईंनी नेहमीप्रमाणं विचारलं, हे कोण खातं? ती म्हणाली, चांगल्या जुड्या बाजारात, किडक्या आम्ही खातो.

पट्ट्यातल्या मातीत शिसं बऱ्यापैकी निघालं, पण बाईंच्या कपाळाला आठी पडली ती अंगणात. अंगण काळंभोर, घट्ट, स्वच्छ झाडलेलं होतं. आजूबाजूच्या घरांसमोर चिखल आणि इथं मात्र पाऊल बुडत नव्हतं. यल्लव्वानं अभिमानानं सांगितलं की वरच्या बाजूला पत्र्याची एक शेड आहे, तिथं ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवतात. त्यांची राख बाहेर पडलेली असते, कोणी हटकत नाही. ती टोपलीनं आणून पसरली की पावसाळ्यात चिखल होत नाही.

बाईंनी यंत्र अंगणाला लावलं. मी मागं उभी होते, मला काच दिसत होती. तसला आकडा मी आधी कधी पाहिला नव्हता. बाईंनी यंत्र पुसलं, पुन्हा लावलं, जागा बदलून लावलं. मग आपल्याशीच बोलल्यासारखं हळूच म्हणाल्या, बरं झालं, निदान अंगण कोणी खात नाही.

यल्लव्वा हसली. नातीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "ही खाते की. किती मारलं तरी ऐकत नाही. उकरून उकरून खाते."

बाईंनी रेणुकाला जवळ बोलावलं. तोंड उघडायला सांगितलं, हिरड्या पाहिल्या, पोट दुखतं का विचारलं. रोज दुखतं, असं सुनेनं दारातून सांगितलं, आणि आताशा शिकवलेलं विसरते, चालताना पडते. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि त्या पोरीचे दोन्ही हात, नखांच्या कडांसकट, सावकाश धुतले. एवढंच. यल्लव्वाला काही बोलल्या नाहीत. परत येतो म्हणाल्या.

जीपमध्ये मी म्हटलं, बाई, लगेच सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी सांगायचं आहे, पण कसं ते मला आज ठरवू दे.

त्या संध्याकाळी त्यांनी मला केलगेरीच्या तलावावर नेलं. काठावर बसलो. म्हणाल्या, "तू यल्लव्वा हो. मी सांगून बघते." मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी कानडीत सुरुवात केली, थांबल्या, पुन्हा सुरुवात केली. विष हा शब्द त्या वापरायच्या नाहीत. विष म्हटलं की समोरचा माणूस पुढचं ऐकायचं थांबतो, असं त्यांचं म्हणणं. शिसं म्हणायचं, बॅटरीतलं शिसं. इथवर जमायचं. पुढं वाक्य असं यायचं की तुम्ही जी राख आणून अंगणात पसरलीत तिच्यात ते आहे आणि तीच पोर खाते. तिथं त्यांची जीभ अडायची. मी म्हटलं, खरं तेच तर सांगायचं आहे. त्या पाण्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "खरंच सांगायचं आहे गं. पण त्या आजीला उद्यापासून त्याच पोरीला मांडीवर घेऊन भरवायचं आहे. तिचा हात थरथरला तर पोर जेवायची नाही."

अंधारून आलं तरी त्या तेच वाक्य फिरवून फिरवून म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. बाई त्या काळ्या अंगणात न बसता मागच्या पडवीत बसल्या, यल्लव्वाला आणि सुनेला समोर बसवलं. सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. शिसं शरीरात साठतं, मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त बाधतं, पोटदुखी त्याची, विसरणं त्याचं. आत्ता लक्षात आलंय, आत्ता थांबवलं तर पोर सुधारेल, पण लगेच दवाखान्यात न्यायचं. आणि कुठून आलं ते सांगताना म्हणाल्या, "शेडमधली राख अंगणात आली. तिच्याबरोबर हे आलं."

आली. वारा यावा, पूर यावा तशी. त्या एका शब्दासाठी त्यांनी आदली संध्याकाळ घालवली होती. यल्लव्वानं सगळं ऐकून घेतलं. मग उठली आणि म्हणाली, "दवाखाना कुठं आहे सांगा."

हुबळीतल्या एका मुलांच्या डॉक्टरांकडे बाईच घेऊन गेल्या. रक्त तपासायला बाहेरगावी पाठवावं लागलं. उत्तर येईपर्यंत रेणुकाला आणि तिच्या आईला त्या घरातून हलवायला हवं होतं. आईचं माहेर अळणावरजवळच्या खेड्यात होतं, तिकडं दोघींना पाठवलं. रक्तात शिसं निघालंच, डॉक्टरांच्या अंदाजाहून जास्त. दवाखान्यात राहणं, औषधं, मग लोहाच्या गोळ्या, दूध, अंडी. बाई घरात अंडं आणत नसत, पण त्या काळात त्या दर रविवारी अंड्यांचा कागदी ट्रे मांडीवर सांभाळत एसटीनं अळणावरला जात. बसचा कंडक्टर त्यांना मोट्टे अक्का म्हणायचा, अंड्याची अक्का. हे त्यांनी मला स्वतःच सांगितलं, जरा लाजून.

इकडं गावात वेगळंच सुरू झालं. बाजारात कुजबुज पोचली की ओढ्याकडच्या भाजीत काहीतरी आहे. दलालांनी त्या बाजूची कुठलीच जुडी घ्यायची नाही असं ठरवून टाकलं. ज्यांचे पट्टे वरच्या विहिरीवर होते, ज्यांचा शेडशी काही संबंध नव्हता, त्यांचीही भाजी परत आली. आमची जीप गावात शिरली की बायका तोंड फिरवू लागल्या. एकीनं तर बाईंच्या पायाशी परत आलेल्या जुड्यांची पाटी आणून उलटी केली. बाई वाकल्या, एकेक जुडी उचलून परत पाटीत ठेवली, आणि त्या बाईला म्हणाल्या, तुमचं शेत मला आधी तपासू दे.

आमच्या साहेबांनी बोलावून सांगितलं की आता तिकडं जायचं नाही. अहवाल वर पाठवला आहे, वरून काय यायचं ते येईल, लोकांत घबराट करू नका. साहेब वाईट नव्हते, त्यांनाही वरून बोलणी बसत होती. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, घबराट मीच केली आहे. ती अर्धवट सोडून कशी येऊ?" साहेबांनी कपाळाला हात लावला, पण पेट्रोलच्या चिठ्ठीवर सही केली.

मग बाईंनी ओढ्याकाठचा प्रत्येक पट्टा तपासला. उन्हात, तव्यावर माती वाळवत, गाळत, यंत्र लावत. भाजी दोनदा बघायच्या, न धुतलेली आणि धुतलेली, आणि पाला कुटून प्रयोगशाळेतही खात्री करून घ्यायच्या. शेडच्या खालचे थोडे पट्टे वाईट निघाले. बाकीचे ठीक होते. ज्याचं शेत ठीक त्याला त्याच्या दारात जाऊन सांगायच्या. ज्याचं ठीक नाही त्याच्याकडे मात्र जास्त वेळ बसायच्या.

आणि एका सकाळी त्या हुबळीच्या बाजारात जाऊन बसल्या. गोणपाटावर, ठीक निघालेल्या शेतांच्या बायकांच्या रांगेत, ते कॅनव्हासचे बूट पुढं करून. त्यांचा आवाज मुळातच बारीक, ओरडणं जमायचं नाही. दलाल आला की उठून उभ्या राहत, मी अमुक खात्यातली, ही भाजी मी स्वतः तपासली आहे, असं सांगत. गिऱ्हाईक आलं की तेच. कोणी विश्वास ठेवी, कोणी नाही. उन्हं तापली तेव्हा त्यांनी शेजारणीकडून मेथीची एक जुडी विकत घेतली आणि तिथंच बसून निवडायला लागल्या, घरी नेऊन करायला. ते पाहून पलीकडच्या दोन बायकांनी घेतली. अशा त्या बऱ्याच सकाळी बसल्या. हळूहळू भाजी पुन्हा जायला लागली. पाटी उलटी करणारी बाई त्यांच्यासाठी चहा आणायला लागली.

शेडचा प्रश्न मात्र त्यांच्या मनासारखा सुटला नाही. बाईंनी अर्जांवर अर्ज केले, एक दिवस तपासणीला माणसं आली, आणि त्यानंतर थोड्या दिवसांत शेड रिकामी झाली. पत्रेसुद्धा उचलून नेले होते. गावात आनंद झाला. बाई त्या मोकळ्या काळ्या जागेवर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "गेली, गेली म्हणतात सगळे. पण गेली कुठं? जिथं गेली तिथं अंगणं असतीलच की." शेड पुढं कुठं उभी राहिली, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बाई नवीन गावात गेल्या की हटकून विचारत, इथं कोणी बॅटऱ्या वितळवतं का?

यल्लव्वाचं अंगण आम्ही खरवडून काढलं. तोंडाला ओले फडके बांधून, मातीवर पाणी शिंपडत, झाकणाच्या पिंपांत भरत. ती पिंपं न्यायला कुठलंही खातं तयार होईना. मग बाईंनी ती आमच्या प्रयोगशाळेच्या मागं आणून ठेवली. तिथं ती कितीतरी महिने उभी होती. साहेब रोज त्यांच्याकडे बघून सुस्कारा टाकत आणि बाई रोज साहेबांना नमस्कार करत. शेवटी साहेबांनीच कुठूनतरी परवानगी मिळवून त्यांची रीतसर विल्हेवाट लावली.

पट्ट्यातली माती तेवढी खोल काढणं शक्य नव्हतं. शिसं पावसानं धुऊन जात नाही, ते तिथंच राहतं, हे बाईंनी यल्लव्वाला स्पष्ट सांगितलं. मग काय लावायचं यावर दोघींची अनेक दिवस चर्चा चालली. शेवटी यल्लव्वानं शेवंती आणि झेंडू लावला. फुलं आली तेव्हा बाई बांधावर बसल्या आणि सवयीनं विचारून गेल्या, "हे कोण खातं?" यल्लव्वा म्हणाली, "कोणी नाही अक्कार. देवाला वाहायचं." बाई इतक्या खुशीत हसल्या की त्यांचा कपाळावरचा चष्मा खाली पडला. तरी नंतर निघताना तिला बजावलंच, की वाहून झालेली फुलं गाईपुढं टाकायची नाहीत, आणि गिऱ्हाइकांनाही तसं सांगायचं.

रेणुका परत आली ती गुटगुटीत नाही, पण गालांवर रंग घेऊन. शाळेत मागं राहिली ती राहिलीच, एक इयत्ता दोनदा करावी लागली. बाई म्हणत, जे गेलं ते सगळं परत येत नाही, उगाच आशा लावू नये. पण पोर पळायला लागली होती, पडत नव्हती.

त्याच सुमारास एकदा मी एकटी गेले असताना यल्लव्वा फुलं तोडता तोडता मला म्हणाली, "अक्कारना ठाऊक होतं. राख मी आणली. माझ्या डोक्यावरून, टोपली टोपली. त्या एकदासुद्धा तसं म्हणाल्या नाहीत." ती पुढं म्हणाली की तिनं स्वतःच एकदा विषय काढला होता, रडली होती. बाईंनी तिला पुरतं रडू दिलं आणि मग विचारलं, अंगणात चिखल झाला असता तर पोर घसरून पडली असती, म्हणूनच आणलीस ना? बस, एवढंच बोलल्या.

प्रकल्प संपला तसं ते यंत्र परत गेलं. पेटी बंद करताना बाईंनी त्याचं नाक मऊ कापडानं पुसलं. पुढं दोन-तीन वर्षांत त्या निवृत्त झाल्या. गुडघे धरले होते, एकटीनं राहणं जमेना, म्हणून मिरजेला बहिणीकडे गेल्या. अधूनमधून फोन करत. आवाज बारीक झाला होता, पण चौकशी तीच. कोणाचं शेत, कुठलं पाणी, रेणुका कितवीत.

मग एका सकाळी फोन आला तो बहिणीचा. बाई आदल्या दिवशी दुपारी गेल्या होत्या. फार त्रास झाला नाही. सगळं आटोपलंही होतं.

मी कार्यालयात कळवलं आणि तशीच बस धरून तारिहाळकडे गेले. यल्लव्वाला फोन नव्हता आणि ही गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिला कळू नये असं मला वाटत होतं. ती घरामागं दोरीवर कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं असावं. मी सांगितलं. तिनं विचारलं, कधी? मी म्हटलं, काल. तिनं विचारलं, जवळ कोण होतं? मी म्हटलं, बहीण होती.

तिनं हातातलं ओलं लुगडं दोरीवर नीट पसरलं. सुनेला हाक मारून पाणी काढायला सांगितलं. सुनेनं विचारलं, कोण गेलं? यल्लव्वा म्हणाली, आपल्या घरचं माणूस.

घराच्या आडोशाला अंघोळीचा दगड होता. यल्लव्वा नेसत्या लुगड्यानिशी त्यावर जाऊन बसली आणि डोक्यावरून पाणी ओतून घेऊ लागली, घरचं माणूस गेल्याची बातमी आली की घेतात तसं. मी भिंतीपाशी उभी होते. पाणी दगडावर पडल्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता.

जरा वेळानं सून बाहेर आली. दुसरी घागर भरून तिनं दगडाजवळ ठेवली, माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "तुम्हीपण घ्या. नेसायला माझं देते."

मी चपला काढल्या.